मागची खटखट

“मामा, मागची ही खटखट काढून टाकू का?” भाच्यानं हेडफोन एका कानावरून सरकवत विचारलं.

“कुठली खटखट बे?”

भाचा बघतच राहिला. लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजाची हिरवी रांग पसरली होती आणि तिच्यात कंगव्याच्या दातांसारखे सुळके एकाला एक लागून उभे होते. ऐकायचीही गरज नव्हती, खटखट नुसती दिसत होती. मामाला मात्र पेटी ऐकू येत होती, टाळ ऐकू येत होते, पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक जरा जास्त लागलीय हेसुद्धा ऐकू येत होतं. खटखट तेवढी नाही. पन्नाशी उलटलेला हा माणूस सोलापूरच्या पूर्व भागात ज्या घरात वाढला, त्या घराची पाठची भिंत आणि यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत एकच होती. भाचा ‘मागची’ म्हणाला तो पाठीमागची या अर्थानं. खटखट होती मागाची.

कॅसेट १९८८ सालची, साठ मिनिटांची. दर गुरुवारी गल्लीतली दहा-बारा माणसं भजनाला जमत. मराठी अभंग झाला की कुणी कन्नड वचन उचली, मग एखादी तेलुगू आरती होई. सोलापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. तीन भाषांची तोंडओळख नसेल तर इथं भाजीची घासाघीससुद्धा रंगत नाही. त्या गुरुवारी कुणीतरी घरातला टेप स्टुलावर ठेवला, दोन बटणं एकदम दाबली आणि भजन ‘भरून घेतलं’. भरून घेणं हा त्या काळाचा शब्द. बरणीत लोणचं भरावं तसा आवाज कॅसेटमध्ये भरायचा, आणि लोणच्यासारखाच तो मुरायचाही.

आता तो मोबाइलमध्ये हवा होता, सगळ्या नातेवाइकांना पाठवायला. म्हणून भाचा रविवार मोडून बसला होता.

टेपचा आवाज चांगला की डिजिटल, हा वाद तसा शौकिनांचा. एक बाजू म्हणते, टेपच्या आवाजाला ऊब आहे, अंग आहे. डिजिटल म्हणजे दवाखान्यातल्या फरशीसारखं, स्वच्छ आणि गार. दुसरी बाजू आकडे पुढं टाकते आणि म्हणते, ऊब कसली, तो बिघाड आहे. आकड्यांपुरतं बोलायचं तर दुसरी बाजू बिनतोड आहे. कॅसेटमधली फीत रुंदीला जेमतेम ३.८१ मिलिमीटर. ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये फीत असते साधारण ८६ मीटर. सुताच्या गावात एवढ्या लांबीला कुणी लांबी म्हणणार नाही. त्या फितीवर असतो लोखंडाचा ऑक्साइड, सरळ मराठीत गंज. प्लॅस्टिकच्या पट्टीवर बारीक दळलेला गंज चिकटवायचा आणि त्याच्या कणांना चुंबकानं दिशा द्यायची, एवढीच ती विद्या. काहीच भरलेलं नसताना हे कण जी बेशिस्त कुजबुज करतात, ती म्हणजे टेपची सुप्रसिद्ध ‘स्स्स’. साध्या कॅसेटवर सगळ्यात मोठा आवाज आणि ही कुजबुज यांच्यात पन्नासेक डेसिबलचं अंतर. सीडीत ते शहाण्णव. स्टुडिओतली टेप कॅसेटच्या आठपट वेगानं, सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावे, फीतही रुंद, म्हणून तिची कुजबुज कमी. पण तसलं यंत्र गल्लीत कोण आणणार? आज ज्या ‘टेपच्या आवाजा’साठी लोक उसासे टाकतात, तो बहुतेकांनी ऐकलेला आवाज कॅसेटचा, आणि तोही हेडवर मळ बसलेल्या टेपवरचा.

ऊब मात्र अगदीच थाप नाही. आवाज फार मोठा झाला की गंजाचे बहुतेक कण वळून झालेले असतात. फितीला आणखी घेता येत नाही, पण ती दार आपटत नाही, हळूहळू नमतं घेते. आवाजाची टोकं दबतात, गोल होतात, आणि मूळ सुराच्या तिप्पट कंपनांचा एक बारीक सूर त्यात मिसळतो. कानाला ते भरीव लागतं. डिजिटलमध्ये हा मानपान नाही. आकड्यांची शिडी संपली की संपली. तिच्यावरचा आवाज कात्रीनं छाटल्यासारखा सपाट होतो आणि फाटतो. भाच्यानं पहिल्या खेपेला वायर जोडून थेट भरायला घेतलं तेव्हा टाळांच्या गजरात हेच झालं. टेपनं १९८८ साली जे सांभाळून घेतलं होतं, ते लॅपटॉपनं दोन मिनिटांत छाटून ठेवलं. दुसऱ्या खेपेला त्यानं आवाज उतरवून भरला.

गंमत अशी की टेप पहिल्यांदा जगापुढं आली तेव्हा तिची ख्याती उबेची नव्हती, संशय यावा इतक्या स्वच्छपणाची होती. दुसऱ्या महायुद्धात जॅक मलिन नावाचा अमेरिकी लष्करातला अभियंता इंग्लंडमध्ये रात्री काम करता करता रेडिओ ऐकायचा. जर्मन केंद्रांवर मध्यरात्र उलटल्यावरही आख्खा वाद्यवृंद वाजत असे, आणि तबकडीची खरखर कुठंच नाही. हिटलरनं हुकूम सोडून वादकांना अपरात्री बसवलंय की काय, असं त्याला वाटलं. १९४५ मध्ये जर्मनीतच त्याला उत्तर सापडलं: मॅग्नेटोफोन. फ्रिट्झ फ्लॉइमरनं १९२८ मध्ये कागदी पट्टीवर लोखंडाची भुकटी चिकटवून सुरू केलेली ही गोष्ट १९४० मध्ये एका युक्तीनं पालटली होती. भरताना आवाजात माणसाला ऐकू न येणारी अतिउच्च कंपनांची लहर मिसळली तर फितीची खरखर आणि विकृती झपाट्यानं उतरते, हे तिथल्या अभियंत्यांना कळलं होतं. मलिननं दोन यंत्रं घरी नेली, गायक बिंग क्रॉस्बीनं ती उचलून धरली, आणि १९४८ पासून अँपेक्स कंपनीची यंत्रं अमेरिकी रेडिओत शिरली. तबकडीवाल्यांना टेप जशी वाटली, तशीच टेपवाल्यांना पुढं सीडी वाटली असावी: इतकं स्वच्छ म्हणजे यातून काहीतरी काढून घेतलंय.

आणि लू ऑटेन्सचं काय करायचं? १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट ज्याच्या हाताखाली जन्मली तो हा डच अभियंता. कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा करून त्यानं आधी माप ठरवलं आणि मग आत यंत्र बसवायला लावलं. पुढं फिलिप्समध्ये सीडीच्या कामातही तो होता, आणि कॅसेटच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांपुढं तो सीडीचीच बाजू घेत राहिला. थोरल्यानं जग जिंकलं तरी बापाचा जीव धाकट्यावर.

डिजिटल म्हणजे काय हे सोलापूरच्या माणसाला समजवायला फार खटाटोप करावा लागू नये. ते त्याच्या अंथरुणावर असतं. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर विणतात. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथली सुई आत जाते आणि तिच्या वाट्याचा उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथला खालीच राहतो. मधून धोटा आडवा धागा घेऊन जातो. पुठ्ठा पुढं सरकतो. वर की खाली, आहे की नाही, एवढ्या दोनच उत्तरांतून मोर पिसाऱ्यासकट उभा राहतो. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोझेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास ही रचना पक्की केली, आणि संगणकाला पुढं कित्येक वर्षं भोकांचे पुठ्ठेच खाऊ घालावे लागले ते याच घराण्यातले. सीडीतही तेच. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजायची, प्रत्येक उंचीला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक क्रमांक द्यायचा, आणि तो क्रमांक शून्य-एकच्या सोळा घरांत लिहायचा. ४४,१०० हा विचित्र आकडासुद्धा टेपनंच दिला. सुरुवातीला हे सगळे क्रमांक व्हिडिओच्या फितीवर साठवत, आणि तिच्या ओळींच्या हिशेबात तो बसला. डिजिटलचं बाळंतपण टेपच्या माहेरी झालं.

चादरीची उपमा मात्र इथंच सोडलेली बरी, नाहीतर एक जुना गैरसमज पक्का होतो. चादर डोळ्यांजवळ नेली तर मोराच्या मानेला पायऱ्या दिसतात. त्यावरून पुष्कळांना वाटतं की डिजिटल आवाजही असाच पायऱ्यापायऱ्यांचा, आणि टेपचा तेवढा सलग. तसं नाही. आवाजातल्या सगळ्यात बारीक सुराच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजमाप घेतलं असेल, तर त्या ठिपक्यांतून एकच एक सलग लहर निघते, दुसरी निघूच शकत नाही. हे गणितानं सिद्ध आहे, आणि त्यासाठी क्लॉड शॅननच्या १९४९ च्या लेखाचा हवाला देतात. स्पीकरपर्यंत पोचतो तो आवाज सलगच असतो. आणखी एक गोष्ट सांगितली की शौकीन क्षणभर गप्प होतात. अगदी हळू आवाज क्रमांकांत बसवताना जो खडबडीतपणा येतो, तो घालवायला अभियंते डिजिटलमध्ये मुद्दाम थोडी ‘स्स्स’ मिसळतात. मोबाइलवरही समोरचा बोलायचा थांबला आणि निखळ शांतता पसरली तर फोन कट झाला असं वाटून माणूस ‘हॅलो, हॅलो’ करू लागेल. म्हणून यंत्र पदरची हलकी कुजबुज घालतं. तेव्हा खरखर फक्त टेपला चिकटवण्यात अर्थ नाही. कुठली खरखर ठेवायची आणि ते कुणी ठरवायचं, हा खरा मुद्दा.

आवाज साठवण्याची सगळी स्थित्यंतरं सोलापूर जिल्ह्याच्या अंगावरून गेली आहेत. शाहीर राम जोशी सोलापूरचे, पेशवाईतले. त्यांच्या लावण्यांचे शब्द राहिले, १९४७ मध्ये त्यांच्या नावाचा चित्रपटही निघाला; गळा कसा होता हे कुणालाच ठाऊक नाही. शाहीर अमर शेख बार्शीचे, जन्म १९१६ चा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत डफाच्या थापेवर मैदान हलवणारा तो पहाडी आवाज १९६९ मध्ये थांबला, कॅसेट गावोगाव पोचायच्या आधी. ज्यांनी तो समोर ऐकला त्यांना सांगताना हात वर उचलावे लागत. आणि मग मंगळवेढ्याशी नातं सांगणारं शिंदे घराणं. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं कॅसेटींवर स्वार होऊन गेली. मुलगा आनंद शिंदे ऐंशीच्या दशकात पोपटाच्या गाण्यानं पानटपरीपासून काळ्यापिवळ्या जीपपर्यंत सगळीकडं वाजला.

हे कॅसेट होती म्हणून झालं. तबकडी काढायची तर कंपनी मोठी, कारखाना मोठा, आणि कोण गाणार हे ठरवणारे लांब कुठंतरी बसलेले. कॅसेट काढायला एक खोली आणि नकला करणारी चार यंत्रं पुरत. अमेरिकी अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर ‘कॅसेट कल्चर’ नावाचं पुस्तकच लिहिलं. महाराष्ट्रातही चित्र फार वेगळं नव्हतं. पंढरपुरात वारीच्या दिवसांत तुळशीमाळा, बुक्का आणि कॅसेटी शेजारीशेजारी विकायला असत. अभंग, कीर्तनं, भारुडं, चौदा एप्रिलसाठी भीमगीतं, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला सिद्धरामेश्वराची गाणी. शास्त्रीय संगीताच्या रसिकांसाठी पुण्याच्या अलूरकरांच्या कॅसेटी होत्या, पण गल्ल्या जाग्या ठेवल्या त्या दुसऱ्यांनी. या गाण्यांचं खरं घर म्हणजे कर्णा. कर्ण्याला खर्ज झेपत नाही, फार बारीक आवाजही नाही. मधला पट्टा तेवढा तो लांब फेकतो. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाची धार नेमकी त्या पट्ट्यात. पत्र्याच्या कर्ण्यातून, वाऱ्यावर हेलकावत, शेतापलीकडून तो यायचा तसा महागड्या स्पीकरवर येत नाही. टेपचा म्हणून जो आवाज आठवतो तो एकट्या टेपचा नव्हताच. त्यात कर्णा होता, उतरलेला विजेचा दाब होता आणि मैलभर वारा होता.

याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात पुढं नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’ चित्रित केला. २०१६ मधला तो चित्रपट. त्याच्या संगीतातल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केलं. इतकं निगुतीनं केलेलं काम लोकांनी ऐकलं कशावर? मोबाइलच्या हरभऱ्याएवढ्या स्पीकरवर, ट्रॅक्टरवर, आणि वरातीतल्या डॉल्बीवर. डॉल्बी या शब्दाची महाराष्ट्रात झालेली गत हा तर स्वतंत्र विनोद आहे. रे डॉल्बी या अभियंत्यानं साठच्या दशकात नाव कमावलं ते टेपची ‘स्स्स’ दाबण्याच्या शोधासाठी; चांगल्या टेपवर त्याच्या नावाचं बटणच असे. आणि आपल्याकडं डॉल्बी म्हणजे खिडक्यांची तावदानं थरथरवणारी स्पीकरची भिंत. कुजबुज शमवणाऱ्या माणसाच्या नावानं मिरवणुकीत बंदोबस्त लागतो.

इकडं भाच्यानं हेडचा बारीक स्क्रू कसा फिरवायचा हे व्हिडिओ बघून शिकून घेतलं होतं. हेड केसभर तिरकं असलं तरी बारीक आवाज मरतात. कॅसेटवर दहा हजार कंपनांच्या सुराची एक लहर फितीवर मिलिमीटरच्या जेमतेम दोनशेव्या भागात मावलेली असते, तिथं तिरकेपणा चालत नाही. त्यानं पाव आटा फिरवला आणि टाळ एकदम उजळले, चिंचेनं घासल्यासारखे. मामा पुढं सरकून बसला.

मग भाच्यानं मामाला खटखट दाखवली. दाखवावीच लागली, आधी पडद्यावर, मग बोटानं टेबलावर ताल धरून. एकदा कळल्यावर मामाला दुसरं काही ऐकू येईना. घरगुती टेपमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळायची सोय असते. माणूस जोरात गात असला की ती आवाज आवरते. ओळ संपून त्यानं श्वास घेतला की ती कान टवकारते आणि भोवती जे काही असेल ते उचलून पुढं आणते. भोवती होते माग. त्यामुळं भजन सांगणारे बुवा गात असताना कारखाना मागं सरायचा आणि बुवा थांबले की पुढं यायचा, थेट झील धरल्यासारखा. १९८८ सालच्या त्या खोलीत असं काही घडलेलं नव्हतं. माग एकसारखेच चालले होते. बुवा आणि कारखाना यांची ही जुगलबंदी टेपनं आपल्या मनानं रचली होती, आणि ऐकायला ती झकास होती.

“काढून बघ,” मामा म्हणाला.

खरखर काढायची साधी तऱ्हा अशी: नुसती खरखरच आहे असा तुकडा यंत्राला ऐकवायचा, त्यानं तो ओळखून ठेवायचा आणि सगळीकडून वजा करायचा. टेपची ‘स्स्स’ अशानं छान जाते, कारण ती एकसुरी असते. मागाचं तसं नाही. तो आघात आहे, टाळही आघातच. यंत्राला दोघांत फरक कळेना. टाळ अर्धे गेले, माग अर्धे राहिले, आणि उरलेल्या आवाजात पाण्याखाली चिमण्या चिवचिवाव्यात तसं काहीतरी होऊ लागलं. भाचा हटणारा नव्हता. त्यानं माणसाचा गळा तेवढा निवडून बाजूला काढणारी नवी सोय वापरली. पाच मिनिटं यंत्र विचार करत राहिलं, आणि बुवा बाहेर आले. एकटे, लख्ख, जणू काल गायलेले.

मामानं दोन ओळी ऐकल्या. “हे चिडलेत का कुणावर?”

खरंच तसं वाटत होतं. एक म्हातारा माणूस रिकाम्या खोलीत देवावर खेकसत होता. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्येच टिपून ठेवलंय, आणि त्यांच्याच नावानं तो परिणाम ओळखला जातो. आवाज नुसता मोठा होत नाही. स्वर ताणले जातात, पट्टी वर सरकते. मागांच्या पुरात उभं राहून बुवा जे गात होते ते त्या पुरासकट ऐकलं तर भजन होतं. पूर आटवला की नुसता आरडाओरडा राहिला. अर्ध्या सोलापूरची बोलण्याची पट्टी पाहुण्यांना भांडणाची वाटते त्याला मागही थोडेफार जबाबदार असावेत. जात्यावरच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण ऐकताना जात्याची घरघर काढून टाका असं कुणी म्हणत नाही. बाईचा श्वास आणि दगडाचा फेरा यांनी मिळून ती ओळ बेतलेली असते, हे सगळ्यांना पटतं. यंत्रमागाला तेवढा मान अजून मिळालेला नाही. तो नुसताच गोंगाट.

भाच्यानं बुवांना परत कारखान्यात नेऊन बसवलं आणि टेप पुढं चालू केला.

एकविसाव्या मिनिटाला सगळे आवाज एकदम ‘चीं’ करून वर उडाले. भाच्यानं घाईनं बटणाकडं हात नेला. त्याला वाटलं फीत अडकली. मामा हसायला लागला.

“लाईट गेली बे.”

वीज जाताच मोटर मंदावली होती, फीत मुंगीच्या पावलानं सरकत असताना जे भरलं गेलं ते आता नेहमीच्या वेगानं वाजताना चिरकलं. पाठोपाठ गोंधळ, आणि त्यातून एक स्पष्ट आवाज: “ओ, मागची वायर काढा की!” वायर उपसली की टेप सेलवर चालायचा. कट्‌ असा आवाज. टेपनं पुन्हा पकड घेतली.

आणि माग नव्हते. या कारखान्यातले नव्हते, शेजारच्या नव्हते, पूर्व भागात कुठंच नव्हते. टेपमधल्या त्या आपोआप सोयीनं सवयीनं कान टवकारले आणि तिला जवळ काहीच मिळेना, तशी ती लांब लांब जाऊ लागली. सायकलची घंटी. कुणीतरी काडी ओढली, फुस्स. लांब एक कुत्रं, त्याच्याही पलीकडं दुसरं. बुवांनी पुढची ओळ आधीच्याच जोरात उचलली आणि अर्ध्यात बहुधा त्यांनाच तो आवाज फार वाटला. ते खाली आले. मागोमाग टाळकरी खाली आले. पखवाज बोटांवर आला. माणसं एकमेकांना ऐकू लागली होती.

“पट्टी चढलीय पण,” मामा म्हणाला. “आधी काळी एक होती. आता पांढरी दोन.”

पेटी आपण होऊन चढत नाही. सेल उतरलेले होते. फीत सावकाश सरकत होती, म्हणून आता वाजताना सगळं अर्ध्या स्वरानं वर. भाच्यानं हिशेब केला: सहा टक्के. “सरळ करू?”

“कर की.”

एका मिनिटात झालं. पेटी काळी एकवर परत आली, बुवा आणखी थोडे म्हातारे झाले, आणि मामानं मान डोलावली. या बाबतीत तो शौकिनांच्या उपयोगाचा माणूस नव्हता.

“आणि आधीची खटखट?”

“ती राहू दे. नाहीतर लाईट गेली ते कळणार कसं?”

तिसाव्या मिनिटाला, अभंगाच्या मध्यावर, खट्‌ झालं. बाजू संपली. मामानं कॅसेट काढली, उलटी करून घातली आणि बटण दाबलं. लाईट आली का ते त्याला बघायचं होतं. दोन-चार सेकंद तीच कुजबुज, आणि मग रेडिओवरून भरून घेतलेली सिनेमाची गाणी. एकामागून एक, निवेदकाचं बोलणं नेमकं कापून, फार काळजीनं भरलेली.

मामानं कॅसेट पुन्हा बाहेर काढली आणि कडा चाचपून बघितल्या. कुणी पुसू नये म्हणून कडेचा प्लॅस्टिकचा बारका तुकडा कुणीतरी तेव्हाच मोडून टाकलेला होता. त्या खाचेवर सेलोटेपची चिकटपट्टी होती, पिवळी पडलेली, नीट चौकोनी कापलेली.

“दहावीच्या सुट्टीत,” तो म्हणाला. “मीच भरली बे ही. मागचं पुसून.”